नाव हिंदुस्थानचे, पाणी बर्टनचे

श्रोतेहो, काही नावे मोठी फसवी असतात. आपल्या बोंबलाला इंग्रज लोक 'बॉम्बे डक' म्हणत आले. पण बदकाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. चित्रकाराच्या टेबलावर 'इंडिया इंक' नावाची काळी शाई असते. ती मुळात चीनची. याच जातीचे तिसरे नाव आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे : 'इंडिया पेल एल'. ही एक प्रकारची बिअर. आज ती जगातल्या पुष्कळ देशांत मिळते, आणि इंग्लंड-अमेरिकेतली हौशी माणसे ती आपल्या स्वयंपाकघरात, अगदी धान्यापासून सुरुवात करून, बनवतात. तिच्या नावात आपला देश आहे. पण ती इथे जन्मली नाही, तिच्यातले धान्य इथले नव्हते, आणि तिच्या भरभराटीच्या दिवसांत ती इथल्या फारच थोड्या लोकांच्या ओठाला लागली असेल. मग हे नाव तिला मिळालं कसं?

आधी एक खुलासा करून टाकतो. आमच्याकडे हा विषय कशाला, असं कुणी विचारील. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्राच्या नावाने आजही लागू आहे, आणि त्याप्रमाणे परवान्यावाचून घरी बिअरसुद्धा करता येत नाही. तेव्हा कृती शिकवावी हा माझा हेतू नाही. पण या एका पेयाच्या इतिहासात व्यापार आहे, रसायन आहे, कायदा आहे, आणि एक गोड दंतकथाही आहे. इतिहास ऐकायला परवाना लागत नाही.

बिअर म्हणजे काय, हे समजायला फार लांब जायला नको. आपल्या घरी नाचणीचे सत्त्व करतात. नाचणी भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची आणि बाळाला खीर द्यायची. मोड आलेली नाचणी साध्या नाचणीपेक्षा गोड लागते, हे आपल्या आयाबायांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. मोड येताना दाण्यात काही पाचक द्रव्ये तयार होतात आणि ती पिठाची साखर करू लागतात. तीच गोष्ट सातूची, म्हणजे जवाची. मोड आणून भट्टीत वाळवलेला सातू म्हणजे माल्ट. जुन्या काळी तो लाकडाच्या किंवा गवताच्या धगीवर वाळवीत, तेव्हा तो धुरकट आणि तपकिरी होई. सतराव्या शतकात इंग्लंडात कोळशाचा कोक वापरता येऊ लागला; धूर गेला, आच ताब्यात आली आणि माल्ट फिका राहू लागला. 'पेल' म्हणजे फिका. त्या फिक्या माल्टाची बिअर ती पेल एल.

हा माल्ट भरडून गरम पाण्यात भिजवला की गोड काढा मिळतो. त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालून उकळायचे. ही वेल आपल्या भांगेच्या कुळातली. तिच्या फुलांनी काढ्याला कडूपणा येतो, आणि बिअर आंबट करणाऱ्या जंतूंना आळा बसतो. मग काढा निववायचा आणि त्यात यीस्ट घालायचे. ते साखर खाते, मद्यार्क आणि वायू तयार करते. इतकेच. धान्य, पाणी, हॉप आणि यीस्ट ही चार पात्रे लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत त्यांतले प्रत्येक जण एकदा तरी पुढे येणार आहे.

आता ती दंतकथा. अशी सांगतात, की अठराव्या शतकात हिंदुस्थानातले गोरे लोक बिअरवाचून तळमळत होते. साधी बिअर वाटेतच नासे. तेव्हा लंडनच्या हॉजसन नावाच्या हुशार माणसाने युक्ती लढवली. त्याने मद्यार्क वाढवला, हॉप वाढवले, आणि खास हिंदुस्थानसाठी टिकाऊ बिअर शोधून काढली. पुढे म्हणे या बिअरने भरलेले एक जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले, वाचलेली पिपे लिलावात गेली, लोकांनी चाखली, आणि इंग्लंडही या बिअरवर लुब्ध झाले. गोष्ट फक्कड आहे. एक समस्या, एक शोधक, एक वादळ आणि शेवटी विजय. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरसुद्धा ही गोष्ट छापलेली आढळते.

पण मार्टिन कॉर्नेल यांच्यासारख्या इंग्रज अभ्यासकांनी जुनी वृत्तपत्रे आणि व्यापाराचे कागद चाळले, तेव्हा या गोष्टीचे एकेक खांब हलू लागले. हॉजसनने काही नवे शोधून काढले असे सांगणारा त्या काळचा कागद नाही. हॉजसनचे नाव गाजण्यापूर्वीच बिअर हिंदुस्थानात येत होती आणि पिण्याजोगी उतरत होती. पोर्टर नावाची काळी बिअरही येत होती. १७८४ च्या कलकत्त्याच्या वृत्तपत्रात पेल एलची जाहिरात सापडते. उष्ण मुलखात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप जास्त घालावेत, हा सल्ला तर इंग्लंडातल्या धंदेवाल्यांना १७६० नंतरच्या दशकातच मिळत होता. आणि ही बिअर फार कडक होती म्हणावे, तर तिच्यात मद्यार्क होता अदमासे सहा ते साडेसहा टक्के. त्या काळच्या मानाने हे काही जास्त नव्हे; इंग्लंडात याहून कडक बिअर घरोघर प्यायली जाई.

मग हॉजसनचा माल खपला कशामुळे? श्रोतेहो, याचे उत्तर आपल्यापैकी ज्यांनी महिनाअखेर वाण्याकडची वही पाहिली आहे, त्यांना लगेच पटेल. जॉर्ज हॉजसनने १७५२ च्या सुमारास लंडनच्या पूर्वेला बो या ठिकाणी धंदा सुरू केला. तिथून जवळच ब्लॅकवॉल. ईस्ट इंडिया कंपनीची मोठी जहाजे तिथे नांगर टाकीत. कंपनीच्या जहाजांवरच्या कप्तानांना आणि अधिकाऱ्यांना स्वतःचा थोडा माल नेऊन विकण्याची सवलत होती, आणि त्यांची खरी कमाई त्यातूनच होई. ते हॅम नेत, चीज नेत, टोप्या नेत, दारू नेत. हॉजसनचा कारखाना हाकेच्या अंतरावर, आणि तो या कप्तानांना अठरा अठरा महिन्यांची उधारी देई. कप्तानाने आज बिअर न्यावी, मुंबई-कलकत्त्याला विकावी, परत यावे आणि मग पैसे चुकते करावे. जवळचा वाणी, त्यातून उधारी देणारा! गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल कशाला? ज्याला आपण शोध म्हणतो, तो पुष्कळदा असा नाक्यावरच्या दुकानाचा आणि उधारीच्या वहीचा प्रताप असतो.

पण या व्यापारात एक गोष्ट मात्र कुणाच्याही योजनेवाचून घडली. सुएझचा कालवा १८६९ मध्ये झाला. त्यापूर्वी जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचे. चार-सहा महिन्यांचा प्रवास, आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. जहाजाच्या पोटात लाकडी पिपे सतत डुलत, कधी तापत, कधी निवत. पिपात वरून घातलेले कोरडे हॉप असत. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या तळघरांत शरद ऋतूत केलेली बिअर वर्ष-दोन वर्षे मुरवीत ठेवण्याची चाल होती. हॉजसनची बिअर याच घराण्यातली. तळघरात जे मुरणे दोन वर्षांत होई, ते समुद्रावर काही महिन्यांत झाले. पिपांच्या लाकडात दडलेले एक सावकाश काम करणारे यीस्टही या मुरण्याला हातभार लावी. मुरलेल्या इंग्लिश बिअरमधले हे यीस्ट पुढे १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लॉसेन या शास्त्रज्ञाने ओळखले आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे 'ब्रिटिश यीस्ट' असे नाव दिले. कप्तानाला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला एवढेच कळत होते, की पीप फोडल्यावर बिअर स्वच्छ, फेसाळ आणि रुचकर निघते.

ती इथे पीत कोण होते? मुख्यतः गोरे अधिकारी, मुलकी साहेब आणि व्यापारी. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुधा पोर्टर किंवा देशी अरक येई. साहेबाची बाटली थंड करणे हे एक वेगळेच काम होते. त्यासाठी 'आबदार' नावाचा नोकर असे. तो सोरा, म्हणजे बारुदीसाठी लागणारा क्षार, पाण्यात विरघळवी. सोरा विरघळताना पाणी गार पडते. त्या पाण्यात बाटल्या फिरवीत बसायचे. १८३४ च्या सुमारास अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने नैसर्गिक बर्फ मुंबईला येऊ लागला, तेव्हा कुठे आबदाराचे हात जरा मोकळे झाले. गोदीवर पिपे उतरवणारे हमाल, बाटल्या गार करणारे आबदार, टेबलाशी पेले भरणारे खानसामे, एवढाच काय तो बहुसंख्य हिंदी माणसांचा या बिअरशी संबंध. नाव आपले, पाठही आपली, पेला दुसऱ्याचा.

आता गोष्टीला वळण मिळते, आणि तेही हॉजसनच्या घरातूनच. १८२० नंतरच्या एकदोन वर्षांत कारखान्याचे त्या वेळचे मालक फ्रेडरिक हॉजसन आणि टॉमस ड्रेन यांना वाटले, की मधला नफा कप्तानांनी का खावा? त्यांनी उधारी बंद केली, भाव चढवले आणि स्वतःच माल हिंदुस्थानात पाठवू लागले. ज्यांच्या खांद्यावर बसून धंदा वर आला, त्यांनाच त्यांनी दुखावले. कंपनीचे संचालकही नाराज झाले.

त्याच वेळी इंग्लंडच्या मध्यभागी, ट्रेंट नदीकाठच्या बर्टन गावात दुसरीच रड चालू होती. बर्टनचे लोक कित्येक वर्षे रशियाला गोडसर, गडद बिअर विकत. १८२२ मध्ये रशियाने परदेशी बिअरवर जबर जकात बसवली आणि बर्टनची पिपे तशीच पडून राहिली. कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑल्सप यांना सुचवले, की रशियाचा नाद सोडा आणि हिंदुस्थानकडे बघा. हॉजसनसारखी बिअर करा. ऑल्सपच्या पदरी जोब गुडहेड नावाचा जाणता कारागीर होता. त्याने नमुन्याची पहिली बिअर चहाच्या किटलीत केली, असे सांगतात. किटलीची गोष्ट खरी असो वा नसो, १८२३ मध्ये ऑल्सपची पिपे हिंदुस्थानच्या वाटेला लागली. मागोमाग बर्टनचाच बास आला. दहाएक वर्षांत बासने हॉजसनला मागे टाकले.

बर्टनची बिअर सरस का ठरली? इथे आपले दुसरे पात्र पुढे येते, ते म्हणजे पाणी. बर्टनच्या जमिनीत जिप्सम आहे, आणि विहिरींचे पाणी त्याच्या थरांतून झिरपून येते. जिप्सम म्हणजे चुन्याचा सल्फेट. त्यातल्या कॅल्शियममुळे फिक्या माल्टाचे काम नीट चालते आणि बिअर नितळ होते. सल्फेटमुळे हॉपचा कडूपणा जिभेवर स्वच्छ, कोरडा लागतो. लंडनच्या पाण्यात काळी पोर्टर चांगली उतरे, पण फिकी, कडू बिअर बर्टनच्या पाण्यात जशी खुलली तशी लंडनला खुलेना. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी हे मर्म शोधले. पाण्यात जिप्सम मिसळून कुठेही बर्टनसारखे पाणी करण्याची पद्धत निघाली, आणि तिला बर्टनचेच नाव पडले.

तोवर या बिअरला 'इंडिया पेल एल' हे नाव नव्हतेच. 'हिंदुस्थानसाठी केलेली पेल एल' असे लांबलचक वर्णन असायचे. आजवर सापडलेल्या छापील कागदांत 'इंडिया पेल एल' हे शब्द सर्वांत आधी दिसतात ते १८२९ मधल्या जाहिरातीत, आणि ती कुठली म्हणाल? ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या वृत्तपत्रातली! इंग्लंडात हे नाव १८३५ मध्ये लिव्हरपूलच्या एका जाहिरातीत दिसते. म्हणजे हिंदुस्थानसाठी केलेला माल तिसऱ्याच ठिकाणी विकताना 'इंडिया' हा शब्द कामी आला. 'इंडिया' म्हणजे दूरचा प्रवास झेललेला, साहेबांच्या पसंतीचा, असा भाव त्यात होता. आणि फुटलेल्या जहाजाचे म्हणाल, तर १८३९ मध्ये बर्टनला रेल्वे आली. बर्टनची बिअर लंडनला आणि इतर शहरांना झपाट्याने जाऊ लागली. इंग्लंडला या बिअरची चटक लावायला वादळाची गरज नव्हती. आगगाडी पुरेशी होती. बासचा लाल त्रिकोण तर १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमधले पहिल्या क्रमांकाचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह झाला.

पण चढत्या गोष्टीला उतारही असतो. आपल्याकडे कसौली आणि मरीसारख्या थंड डोंगरी ठिकाणी बिअरचे कारखाने निघाले. इतक्या लांबून माल आणण्याचे कारण उरले नाही. बर्फयंत्रे आली, आणि थंड, हलकी लागर बिअर जगभर पसरली. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी इंग्लंडात माल्टावरचा कर काढून तो काढ्याच्या गोडीवर बसवला. पुढे पहिले महायुद्ध आले, धान्य महाग झाले, कर वाढले आणि बिअर पातळ पातळ होत गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात 'इंडिया पेल एल' या नावाने जी बिअर पुष्कळ ठिकाणी मिळे, तिच्यात मद्यार्क चारएक टक्के आणि हॉप बेताचे. पाटी तीच, दुकान निराळे.

याच १८८० च्या कायद्यात आणखी एक कलम होते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली अधिक महत्त्वाची गोष्ट ती आहे. इंग्लंडात घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना सक्तीचा झाला. शतकानुशतके बिअर ही घरातली वस्तू होती. भाकरी भाजावी तशी घरची बाई बिअर करी. मोठ्या कारखान्यांनी हे काम आधीच पुष्कळसे ओढून नेले होते. उरलेले कायद्याच्या वहीत गेले. आपल्याकडेही हेच चालले होते, आणि जरा जास्त कठोरपणे. १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला. १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि साठवण्यावर बंधने आली. मोहाचे फूल म्हणजे रानातल्या माणसाचे अन्न, औषध आणि सणाचे पेयही. ज्या सरकारचे अधिकारी साता समुद्रापलीकडून आलेली पेल एल पीत, त्याच सरकारने अंगणातल्या झाडाखाली पडलेले फूल उचलण्यावर पहारा बसवला. दारू चांगली की वाईट, हा प्रश्न इथे नव्हता. कर कुणाच्या हातून वसूल करणे सोपे, हा होता. कारखाना एका जागी असतो, त्याच्या दाराशी शिपाई बसवता येतो. घरोघरच्या चुलींशी कसा बसवणार?

या चुली पुन्हा पेटल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६३ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरवरचा परवाना रद्द केला. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण घरची बिअर त्या सवलतीतून राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी दोनशे गॅलन बिअर, म्हणजे साडेसातशे लिटरांहून थोडी जास्त, घरच्यापुरती, विक्रीसाठी नव्हे, करण्याची परवानगी मिळाली.

त्याच सुमाराला आपले तिसरे पात्र, हॉप, नव्या रूपात आले. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात सरकारी संशोधकांनी १९५६ मध्ये एक संकर केला होता. त्यात इंग्लंडची फगल ही जात होती आणि रशियातल्या सेरेब्रियांका जातीचे रक्त होते. बर्टनने जिकडे पाठ फिरवली, त्या रशियाचा अंश असा पुन्हा या गोष्टीत शिरला. १९७२ मध्ये ही वेल 'कॅस्केड' या नावाने शेतकऱ्यांच्या हाती दिली गेली. तिच्या फुलांना पपनसासारखा वास. जुन्या इंग्लिश हॉपला माती, गवत, मसाला असा वास असे. हे काही वेगळेच होते. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने या कॅस्केडची 'लिबर्टी एल' काढली. केन ग्रॉसमन नावाच्या तरुणाने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावी घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान टाकले, आणि १९८० मध्ये आपल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीची पहिली बिअर केली. दुकानातून कारखाना निघाला; म्हणजे आता ओघ उलटा फिरला. जे काम कारखान्यांनी घरातून नेले होते, ते घरातून शिकून लोक नवे कारखाने काढू लागले. विस्मरणात गेलेली इंडिया पेल एल त्यांनीच पुन्हा टेबलावर आणली.

पुढे हॉपच्या जाती वाढत गेल्या. सिट्रा आली, मोझॅक आली, न्यूझीलंडची नेल्सन सोव्हिन आली. कुणात आंब्याचा वास, कुणात पेरूचा, कुणात लिचीचा, कुणात द्राक्षाचा. ऐकणाऱ्याला वाटते, की यात फळांचा रस घातला असेल. एक थेंबही नसतो! हॉपच्या फुलात पिवळी धूळ असते, तिच्यात सुगंधी तेले असतात. लिंबू, गुलाब, कोथिंबीर यांच्या सुवासात जी द्रव्ये आढळतात, त्यांतली काही या तेलांतही आहेत. शिवाय गंधकाची काही संयुगे इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात, की वजनकाट्याला कळणार नाहीत, पण नाकाला लगेच कळतात. तीच आपल्याला आंबा आणि पेरू आठवून देतात. चौथे पात्र यीस्ट, तेही आंबताना फळांच्या वासाची द्रव्ये तयार करते.

आता तिकडचा हौशी माणूस हे घरी कसे करतो, ते थोडक्यात पाहू. वीस लिटर बिअरसाठी पाच किलो फिका माल्ट आणि अर्धा किलो ओट घेतात. तयार माल्टाचा पाक डब्यात मिळतो, पण खरा हौशी त्याला हात लावीत नाही. तो अख्ख्या धान्यापासूनच सुरुवात करतो. धान्य भरडायचे, पीठ करायचे नाही. टरफल शाबूत राहिले तरच पुढे गाळणी होते. पंधराएक लिटर गरम पाण्यात ही भरड कालवतात आणि एक तासभर ६६-६७ अंश सेल्सियस उष्णता राखतात. भांड्याला गोधडी गुंडाळली तरी चालते. उष्णता फार वाढली तर साखर करणारी द्रव्ये मरतात, फार उतरली तर बिअर पाणचट होते. तासाने एक थेंब बशीत घेऊन त्यात आयोडीन टाकतात. काळेनिळे झाले तर पीठ शिल्लक आहे, रंग बदलला नाही तर काम फत्ते.

मग काढा गाळायचा, वरून पुन्हा गरम पाणी शिंपडून उरलीसुरली गोडी धुऊन घ्यायची. ही पंचवीस लिटरांची ऐवज तासभर उकळायची. सुरुवातीला वीस ग्रॅम हॉप. लांब उकळीत त्यांचा कडूपणा उतरतो, पण वास उडून जातो. म्हणून वासाचे हॉप, शंभरएक ग्रॅम, आच बंद केल्यावर टाकायचे. फोडणीत हिंग आधी आणि कोथिंबीर शेवटी, तसेच हे. मग तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून गार पाणी खेळवून काढा झपाट्याने वीस अंशांपर्यंत आणायचा, यीस्ट घालायचे, झाकायचे. दोन आठवड्यांत आंबवण पुरे होते. शेवटच्या तीन दिवसांत आणखी शंभर ग्रॅम कोरडे हॉप आत सोडतात. नंतर बाटलीत भरताना लिटरमागे सहा ग्रॅम साखर, म्हणजे बंद बाटलीत वायू धरतो.

यातली कोरडे हॉप घालण्याची रीत नवी नाही, हे आपल्या लक्षात आलेच असेल. हिंदुस्थानला जाणाऱ्या पिपात तेच घालीत. हौशी माणूस पाण्यात चमचाभर जिप्समही टाकतो; म्हणजे बर्टनची विहीर त्याच्या मोरीत आली. आणि घनतामापक काय सांगतो? काढ्याची घनता १.०६०, आंबल्यावर १.०१२. हिशेब केला तर मद्यार्क येतो सहा टक्क्यांच्या थोडा वर. बरोबर हॉजसनच्या काळचा आकडा!

एकाच गोष्टीत मात्र जुनी आणि नवी बिअर पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. जुनी पेल एल महिनोन् महिने मुरण्यासाठी केलेली होती. प्रवासाने ती सुधारे. आजची फळांच्या वासाची पेल एल ताजीच प्यावी लागते. हवा लागली, दोन-तीन महिने गेले, की आंबा-पेरू उडून जातात आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव राहते. आफ्रिकेला वळसा घालून आणली, तर ती मुंबईच्या गोदीत फुकट जाईल. ज्या प्रवासाने तिला नाव दिले, तो प्रवासच तिला आता सोसत नाही.

आणि म्हणूनच ती ज्या त्या गावी करावी लागते. २००९ मध्ये पुण्यात एक छोटी ब्रुअरी निघाली, तिने नाव घेतले 'डुलाली'. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने रिकामे पडून असत आणि डोक्याने भ्रमत. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डुलाली' म्हणू लागले. त्या शब्दाचे पूर्ण रूप होते 'देवळाली टॅप', आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. आता आपल्याकडे अनेक शहरांतल्या अशा छोट्या ब्रुअऱ्यांत, परवाना घेऊन, इंडिया पेल एल केली जाते. दोनशे वर्षे केवळ पिपावरच्या अक्षरांत असलेला हिंदुस्थान आता कुठे भांड्यात उतरला.

तेव्हा श्रोतेहो, ही बिअर कुणी शोधली, या प्रश्नाला एका माणसाचे नाव उत्तर म्हणून देता येत नाही. बोच्या उधारीने ती वाढली, रशियाच्या जकातीने ती बर्टनला गेली, जिप्समच्या पाण्याने ती खुलली, सिडनीच्या जाहिरातीने तिला नाव दिले, कराने ती पातळ झाली, आणि घरी भांडी घासून धान्य भरडणाऱ्या निनावी हौशी लोकांनी तिला परत आणले. दंतकथेतला हुशार हॉजसन या सर्वांची जागा एकटा अडवून बसतो. गोदीवरच्या हमालाची आणि सोऱ्याच्या पाण्यात हात घालून बसलेल्या आबदाराचीसुद्धा. पुढे कधी एखाद्या बाटलीवरच्या चिठ्ठीवर ती वादळाची गोष्ट आपल्या वाचनात आली, तर या मंडळींची आठवण ठेवावी, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.